जग तासिका तत्त्वावर

खडू तळहातावर आडवा ठेवायचा, हात वर्गापुढं धरायचा आणि विचारायचं, "हा कशावर?"

"हातावर," मुलं म्हणायची.

"हात?"

"खांद्यावर. खांदा तुमच्यावर, सर."

"आणि मी?"

मग फरशी यायची, फरशीखालचा मुरूम यायचा, काळी माती, तिच्याखालचा खडक. खडकापाशी मुलं दमायची. मागच्या बाकावरचा कुणीतरी हटकून म्हणायचा, "शेषनागावर." वर्ग हसायचा. सर मात्र हसत नसत. "बरं. शेषनाग कशावर?" हे ते इतक्या आदरानं विचारत, की थट्टा करणाऱ्यालाच आपण काहीतरी अर्धवट सोडल्यासारखं वाटे.

उमरगा तालुक्यातल्या एका लहान कॉलेजात ते तर्कशास्त्र शिकवत. मुलांनी त्यांचं नाव 'कशावर सर' ठेवलं होतं. तुमच्याही शाळा-कॉलेजात असा एखादा माणूस असणार, ज्याच्या विषयाकडं फारसं कुणी फिरकत नाही, पण ज्याचा एखादा प्रश्न आपल्या मागं घरापर्यंत येतो. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. आमची टेबलं लागून होती.

कॉलेजात दोन प्रकारचे मास्तर असतात. एक कायम, दुसरे तासिका तत्त्वावर. कायम माणूस मे महिन्यातसुद्धा मास्तर असतो. तासिका तत्त्वावरचा माणूस घंटा झाली की मास्तर होतो आणि पुढची घंटा झाली की उरत नाही. जूनमध्ये बोलावलं तर तो आहे, न बोलावलं तर नाही, आणि न बोलावण्याला कारण द्यावं लागत नाही. मी कायम आहे. ते माझ्या आधीपासून तिथं होते आणि शेवटपर्यंत तासिका तत्त्वावर राहिले.

दुसरा एखादा यावरून कडवट झाला असता. त्यांनी त्याचा सिद्धान्त केला.

"सर, जगच तासिका तत्त्वावर आहे," ते म्हणायचे. "हे टेबल बघा. झाड होतं म्हणून आहे, सुतार होता म्हणून आहे. नसतं तरी कुणाची तक्रार नव्हती. तुम्ही, मी, ही बाभळ, तो हायवे, सगळं बोलावलं म्हणून आलंय. न बोलावता आलेलं एक तरी दाखवा. आता ज्या कॉलेजात एकही माणूस कायम नाही, तिथं बोलावणार कोण?"

"म्हणून देव?" मी विचारायचो.

"म्हणून कायम. नाव तुम्ही ठेवा."

भौतिकशास्त्राच्या सरांना हे सहन होत नसे. "मग तुमच्या त्या कायमाची ऑर्डर कुणी काढली?"

"ज्याची ऑर्डर निघाली तो कायम नव्हे, सर. तो कायम केलेला. तुमच्यासारखा."

स्टाफरूम हसायची. पण भौतिकशास्त्राचे सर चिवट. ते म्हणायचे, "सगळेच तासिकेवर असले तर काय बिघडलं? पहिल्याला दुसऱ्यानं बोलावलं, दुसऱ्याला तिसऱ्यानं. साखळी संपतच नाही. चालतंय की."

"काल एस.टी.त उभं राहून आलात ना?"

"आलो. तुम्ही माझ्या पायावर उभे होता."

"व्हय. मी तुमच्यावर रेललो होतो, तुम्ही त्या दूधवाल्यावर, दूधवाला पोतंवाल्यावर. आता समजा, रांगेत कुणाच्याच हातात वरची दांडी नाही, सगळे नुसते एकमेकांवर रेललेत आणि बस वळणावर आली. रांग हैदराबादपर्यंत लांब करा. पडणार का नाही?"

"पडणार."

"आपण पडलो नाही. म्हणजे कुणीतरी दांडी धरली होती. मला ती दिसली नाही, पण धरली होती. पहिला कोण, जुना कोण, हे मी विचारतच नाही, सर. आत्ता, बस वळणावर असताना, दांडी कुणाच्या हातात आहे, एवढंच विचारतो."

हे चालायचं थट्टेत, पण थट्टेतलं नव्हतं. ते भूकंपातल्या गावचे. आमच्या भागात नुसतं 'भूकंप' म्हटलं की कुठला ते कुणी विचारत नाही. तेव्हा ते शाळेत होते. अंगात ताप होता म्हणून आई त्यांना मामाकडं घेऊन गेली होती. परत आले तर माळवदाची घरं नव्हती, दगड-मातीचे ढीग होते, आणि त्यांत वडील, आजा आणि सगळी गल्ली. "जमीन कायम असते असं मी धरून चाललो होतो," एवढंच ते त्याबद्दल म्हणायचे.

त्यांची आई आराधी. गळ्यात तुळजापूरच्या आईची कवड्यांची माळ, मंगळवारी, शुक्रवारी हातात परडी घेऊन जोगवा मागायचा, घरी देव्हाऱ्यापुढं ती वेताची परडी भरायची. भूकंपानंतर ती म्हणाली, आईनं वाचवलं आपल्याला. मुलानं विचारलं, मग गल्लीला का नाही वाचवलं?

"तिचं उत्तर आणि माझा प्रश्न तेव्हापासून एका घरात राहतात," सरांनी मला सांगितलं होतं. "भांडत नाहीत. पण एका ताटात जेवतही नाहीत." त्यांनी लग्न केलं नाही. घरात मायलेक दोघंच असायची.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझा स्वभाव असा, की जे बिघडतं ते माझ्यामुळं बिघडलं असं मला वाटतं. सहल पावसात अडकली की आठवतं, तारीख मी सुचवली होती. वडील सोलापूरच्या दवाखान्यात वारले तेव्हा मी खाली चहा प्यायला उतरलो होतो. तो चहा अजून माझ्या घशात आहे. मी कायम आणि ते तासिकेवर, याचाही मला रोज थोडा थोडा त्रास व्हायचा. हे सगळं मी त्यांच्यापाशी बोलायचो. ते ऐकून घ्यायचे आणि फळा पुसायच्या फडक्यानं चष्मा पुसायचे, त्यामुळं चष्मा आणखी पांढरा व्हायचा.

गेल्या वर्षी नवरात्राच्या थोडं आधी माझी दाढ दुखायला लागली. उमरग्याला दवाखान्यात जाणं भाग होतं. अकरावी वाणिज्यचा माझा तास होता. मी त्यांना म्हणालो, "बदली तास घेता का?"

"घेतो की. काय शिकवू?"

"काहीही. गप्प बसवलंत तरी पुरे."

वाणिज्यच्या मुलांना तर्कशास्त्र नसतं. कशावर सरांबद्दल त्यांनी फक्त ऐकलेलं. मुलं म्हणाली, "सर, ते खडूचं करून दाखवा." त्यांनी करून दाखवलं. हात, फरशी, मुरूम, खडक, शेषनाग, तासिका तत्त्व, सगळं झालं. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, मग तुळजापूरची आई?"

प्रश्न आला की बाजूला काढून ठेवायचा, हे त्यांना जमत नव्हतं. ते म्हणाले, "मूर्ती घडवलेली आहे. जे घडवलंय ते नसूही शकलं असतं. म्हणजे मूर्तीसुद्धा तासिका तत्त्वावर."

कुणीतरी हे मोबाईलवर टिपत होतं; रातोरात गावोगाव फिरलेलं ते चित्रण इथं संपतं. पुढचं वाक्य होतं. वर्गातली मुलं शपथेवर सांगतात, होतं. त्यांचे नेहमीचे विद्यार्थी असते तर थांबले असते. त्यांना माहीत असायचं की या माणसाचं पहिलं वाक्य हे नुसतं आधारविधान आहे, निष्कर्ष अजून यायचाय. पण ती माझी मुलं होती.

दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन मी कॉलेजात आलो तर फाटकाशी घोळका. दिवसच असे होते. नवरात्राच्या आधी तुळजापुरात आईची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. त्या दिवसांत आमच्या भागात माणसं मोठ्यानं बोलतानासुद्धा जपतात. आणि त्याच दिवसांत हे. "आई टेंपरवारी व्हय? बाहिर काढा त्या मास्तरला," एक जण गजाला धरून म्हणत होता. त्याचा आवाज चिरकला होता; मला वाटतं तो रागापेक्षा दुखावला जास्त होता.

आत प्राचार्य होते, संस्थेचे एक जुने संचालक होते, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, आणि सर भिंतीला टेकून उभे होते.

"लिहून द्या, सर, की बोललो ते चुकलं," प्राचार्य म्हणाले.

"कुठलं वाक्य चुकलं ते सांगा, लिहून देतो."

"सगळं."

"सगळं कसं चुकेल? मूर्ती घडवलेली नाही, असं लिहू?"

"हा वर्ग नाही, सर."

तेवढ्यात खिडकीवर दगड आला. काच फुटली नाही, पण तडा वरपासून खालपर्यंत गेला. अण्णा उठले, बाहेर गेले आणि फाटकाशी उभे राहून म्हणाले, "उद्या बसू. मास्तर समोर येऊन उत्तर देतील. आज आपापल्या घरी जावा." लोक गेले, पण कॉलेजासमोरच्या हॉटेलापर्यंतच.

सर माझ्याजवळ आले. मी म्हणालो, "घाबरू नका, अण्णा आहेत."

"ह्यांचं मला काही नाही. गाडी आणलीय का, सर? आईपर्यंत हे पोचायच्या आत मला घरी सोडा. तिच्याकडं मोबाईल नाही, पण शेजाऱ्यांकडं आहे."

मागच्या फाटकानं आम्ही निघालो. मोटारसायकलवर मागं बसले की एरवी ते म्हणायचे, हळू चालवा, मी तासिकेवर आहे, तुमच्या घरी माणसं आहेत. त्या दिवशी म्हणाले, "जोरात." दोन्ही बाजूंना तूर उभी होती. प्रत्येक पारावर, प्रत्येक टपरीपाशी कुणी ना कुणी मान खाली घालून मोबाईल बघत होतं. मला प्रत्येकाच्या हातात तेच दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं, कारण दर वेळी माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं आवळत होती.

"भूकंपात तिचं सगळं गेलं," ते कानाशी म्हणाले. "एवढी एकच उरली. तिची तुळजापूरची आई. ती मी पायाखालून काढून घेतली असं तिला वाटलं, तर ती कशावर उभी राहील?"

माझ्या दाढेत ठणका चालू होता आणि तो मला योग्यच वाटत होता.

भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या एकसारख्या घरांची ती वसाहत. त्यांच्या घराचं दार उघडं होतं. आई उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसली होती. खाट उभी करून भिंतीला लावली होती. देवी निद्रेत असताना ती खाटेवर झोपत नसे, खाली घोंगडीवर झोपायची. पुढं परडी होती, रिकामी. तिनं आम्हाला बघितलं आणि मला कळलं, आम्हाला उशीर झाला होता.

"जेवलीस का?" सरांनी विचारलं.

"तू काय म्हणलास आईला?"

"तुला काय सांगितलं?"

"टेंपरवारी म्हणलास म्हणं. शेजारच्या सुनेनं फोनात दावलं. तुझाच आवाज हुता."

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. मी दारातच उभा राहिलो. वर्गात नसलेली एक घाई त्यांच्या बोलण्यात होती, आणि भाषाही घरची झाली होती.

"आई, आत्ता तुळजापुरात सिंहासनावर कोण हाय?"

"कोन न्हाय. निजलीया."

"सिंहासन रिकामं हाय, तरी आज दिवस उगवला का न्हाय?"

"उगवला."

"ती तूर उभी हाय का न्हाय? तू बसलीस ती कशावर?"

"तिच्याच जिवावर."

"मूर्ती उचलली तरी?"

"मूर्ती उचलली म्हून आई उठून जाती व्हय? येडा हायस का तू?"

त्यांचा चेहरा उजळला. वर्गात एखाद्या मठ्ठ मुलाच्या तोंडून निष्कर्ष आपसूक बाहेर पडला की उजळायचा, तसा. "मग तेच म्हणलो म्या. फोनात अर्धंच हाय. पुढचं ऐक. मूर्ती नसली तरी जे राहतंय, ज्याच्यावर मूर्ती, डोंगर, तू, मी समदे टेकलोय, ते न्हाय असं कधी हुतच न्हाय. ते कायम हाय. तुमी ज्येला आई म्हणता ते तेच."

तिनं परडी जवळ ओढली.

"ते?" ती म्हणाली.

"व्हय. ते."

"ते म्हंजी भांडं. ते म्हंजी झाड, वासरू. आईला कुणी 'ते' म्हणतंय व्हय रं?"

सर बोलायला गेले, तिनं हातानं थांबवलं.

"टेंपरवारी म्हणलास त्येचं मला लई काय न्हाय. मूर्ती निजती, उठती, आमी वरसाला बघतोच. पर तू तिला 'ते' म्हणलास. गाव पडल्यालं बघितलं तवा म्या कुणाला हाक मारली? 'ते, धाव' आसं म्हणू व्हय? हाक माराया 'तू' म्हणावं लागतंय."

या माणसाला मी इतकी वर्षं ओळखत होतो. भौतिकशास्त्राला उत्तर होतं, प्राचार्यांना उत्तर होतं, दगडालासुद्धा बहुतेक असतं. तिथं ते तोंड किंचित उघडं ठेवून नुसते बसले होते.

"माझं गणित तिथवरच जातंय, आई," ते शेवटी म्हणाले.

"मग बस तिथंच. म्या जाती म्होरं." ती उठली. माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, तुमी तरी खावा. गाल का सुजलाय?"

मी दाढेचं सांगितलं. तिनं भाकरी दुधात कुस्करून माझ्यापुढं ठेवली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. मुलाला वाढलं नाही. स्वतःही जेवली नाही. सर उभ्या खाटेला टेकून बसले होते, आणि मी त्या घरात एकटाच जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बैठक झाली. गजाला धरून ओरडणारा तरुण पुढच्याच खुर्चीवर होता. प्राचार्यांनी माफीचा मजकूर तयार ठेवला होता. सर उभे राहिले. रात्रभर झोप नसावी.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. प्राचार्यांनी श्वास सोडला. "वाक्य मागं घेत नाही. वाक्य बरोबर आहे. सर्वनाम चुकलं. ते मागं घेतो."

कुणालाच काही कळेना. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "सर्वनाम म्हंजी? मराठी तुमचं हाय ना?"

मला उभं राहून सांगावं लागलं. मी, तू, तो, ती, ते. भर बैठकीत, सुजलेल्या तोंडानं. मागं कुणीतरी हसलं. मग सरांनी कालचं सगळं सांगितलं, पलंग, रिकामं सिंहासन, उगवलेला दिवस. आणि आई काय म्हणाली तेही लपवलं नाही.

"म्हंजी मास्तर, मूर्ती न्हाय तरी आई हाय, आसं तुमचं म्हणणं?" अण्णांनी विचारलं.

"व्हय."

"मग हे आधी म्हणायचं की."

"म्हणालो होतो. मोबाईल मधीच बंद झाला."

लोक हसले. वातावरण सैल झालं. पण तो तरुण हसला नाही. "माझ्या म्हातारीनं पाया पडून पडून आईच्या देवळाचा उंबरा झिजवला," तो उठून म्हणाला. "तुमी तिला खडू दाखवून मोजता." आणि निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. सर दाराकडं बघत राहिले. मजकुराच्या कागदावर सही झाली नाही. प्राचार्य जाताना म्हणाले, "जूनला बघू."

जूनला बघू म्हणजे काय, हे तासिका तत्त्वावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

बैठक संपल्यावर मला राहवेना. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "हे माझ्यामुळं झालं. माझी दाढ दुखली नसती तर तुम्ही त्या वर्गावर गेला नसता."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची दाढ हे आदिकारण?"

"थट्टा नका करू."

"थट्टा नाही. दाढेच्या मागं काय? कीड. किडीमागं? तुम्हाला लहानपणी गूळ देणारं कुणीतरी. त्या मुलीनं हात वर केला नसता तर? मी गप्प बसलो असतो तर? इतकी सगळी माणसं एकमेकांवर रेललीत, आणि तुम्हाला वाटतं, दांडी तुमच्याच हातात होती." ते हसले. "तुम्ही नोकरीत कायम आहात, सर. जगात नाही. तुमच्यावर एवढं टेकलेलं नाहीच. मोकळे व्हा."

इतक्या मायेनं मला कुणी बिनमहत्त्वाचं ठरवलं नव्हतं. मी थोडा मोकळा झालोही.

ते मात्र झाले नाहीत. घटस्थापनेला देवी सिंहासनावर आली आणि त्या दिवसापासून धड न जेवलेल्या त्यांच्या आईनं उपवासाचं का होईना, खाल्लं. घर पूर्ववत झालं असं बाहेरून कुणालाही वाटलं असतं. पण संध्याकाळी दिवा लावताना ती हात जोडायची आणि मग वळून मुलाकडं बघायची. "ती वाट बघतेय, सर," त्यांनी मला सांगितलं. "मी एकदा देवीला 'तू' म्हणावं म्हणून. मी उभा राहतो, हात जोडतो. तोंडात येतच नाही. निष्कर्षाला 'तू' कसं म्हणायचं?"

एस.टी. स्टँडवर उभे होतो आम्ही. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही म्हणता?"

"म्हणतो."

"कशावर?"

मी विचार केला. खोटं बोलणं शक्य नव्हतं. "सवयीनं."

"चांगली सवय आहे," ते म्हणाले. हे ते उपरोधानं म्हणाले नाहीत. मला त्यांचा हेवा वाटायचा, त्यांच्या बुद्धीचा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला जाणवलं, की माझ्याकडंही त्यांना हवं असलेलं काहीतरी आहे, आणि ते देता येत नाही.

जून त्यांच्यासाठी आलाच नाही. उन्हाळ्यात, परीक्षा संपत आल्या होत्या तेव्हा, त्याच स्टँडवर बसची वाट बघत बाकावर बसले होते ते तसेच गेले. शेजारच्या माणसाला वाटलं डुलकी लागली. बस आली, त्यानं खांदा हलवला. मला कळलं तेव्हा मी पेपर तपासत होतो.

मग माझं सुरू झालं. बैठकीचा ताण, 'जूनला बघू', न येणारं ते एक सर्वनाम, आणि या सगळ्याच्या मागं बदली तास, आणि बदली तासाच्या मागं माझी दाढ. त्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते मी स्वतःला म्हणून दाखवतो. पण त्यांनी म्हणणं आणि मी म्हणणं यांत फरक पडतो. आता मला बिनमहत्त्वाचं ठरवायला कुणी नाही.

त्यांच्या आईला भेटायला मला बरेच दिवस धीर झाला नाही. गेलो तो मंगळवार होता, दुपार होती. खाट जागेवर होती, तिच्यावर त्यांचा चष्मा. ती म्हणाली, "बसा, सर. परडी भरायची हाय, मंग बोलू."

मी भिंतीशी बसलो. तिनं देव्हाऱ्यापुढची जागा पुसली, परडी ठेवली, तीत ज्वारीचं पीठ, मीठ, हळदकुंकू घातलं, भाकरीचा नैवेद्य ठेवला. देवीशी ती शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती, मोठ्यानं, मी तिथं नसल्यासारखं.

"ये, बस. आज उशीर झाला बघ. लई दमलीस. ऊन किती हाय बाहिर." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्यावर तूप सोडलं. मग देव्हाऱ्याकडंच बघत, त्याच सुरात म्हणाली, "घे की. सकाळपून जेवलास का न्हाय?"

'जेवलीस' नव्हे. 'जेवलास'.

क्रियापदांची रूपं दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी गेली आहे. मी मान खाली घातली. ती भाकरीवर हात धरून, उत्तर यायचं असल्यासारखी, थांबली होती.